सरकार एकदा हो म्हणालं होतं

माझे एक पक्षकार होते. साताऱ्याच्या पश्चिमेकडचं त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि बदल्यात त्यांना पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात पुनर्वसनाची जमीन मिळाली. सातबाऱ्यावर नाव चढलं. त्यांनी दगड वेचले, विहीर पाडली, त्या जमिनीच्या भरवशावर पोरींची लग्नं केली. एकोणीस वर्षांनी पत्र आलं : सदर वाटप नजरचुकीने झाले असून ते रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "वकीलबाई, चूक त्यांची, आन् शिक्षा मला?"

पस्तीस वर्षांच्या दिवाणी वकिलीत याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही.

कलम ८० ची नोटीस दिली, दोन महिने थांबलो, दावा लावला. पहिल्या कोर्टात हरलो, अपिलात जिंकलो. निकालाची नक्कल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी पुढे कधी त्यांच्यापासून लांब असलेली मी पाहिली नाही. दोनेक वर्षांनी त्यांच्या शेतावर गेले. विहिरीला पाणी होतं, माती छान तयार झाली होती, पण बांधावर एक आंबा नव्हता. विचारलं तर म्हणाले, "आंबा लावायचा म्हंजे पाच-सा वर्सं दम धरायचा. आन् मधीच परत पत्र आलं तर?" ज्वारी, हरभरा, मटकी, एका हंगामात हाताशी येईल तेवढंच ते लावत राहिले.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती ओकलंडच्या एका जुन्या थिएटरात. माझ्या लेकीचा अमेरिकन नागरिकत्वाचा शपथविधी होता. आम्ही पाहुणे वर गॅलरीत, शपथ घेणारे खाली. एक अधिकारी देशांची नावं वाचत होता आणि त्या-त्या देशाचे लोक उभे राहत होते. भारताचं नाव आलं तेव्हा खालच्या खुर्च्यांचा मोठा भाग उठला. मला माझी लेक तिच्या मोरपंखी ओढणीवरून ओळखू आली. मग सगळ्यांनी उजवे हात वर केले. त्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडल्याचं वाक्य आहे, आणि आपल्या कायद्यानेही परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. मला अभिमान वाटत होता, डोळे भरून आले होते. पण त्याच वेळी पोटात कुठेतरी खड्डा पडला. माझ्या मुलीकडे आता एकच कागद उरला होता.

त्या खेपेला मी सहा महिने तिच्याकडे होते. घरात दिवसभर एकटी. काळा कोट उतरवला तरी निकालपत्रं वाचायची सवय सुटत नाही, आणि अमेरिकेची जुनी निकालपत्रं घरबसल्या वाचता येतात. नागरिकत्वाचे खटले वाचायला घेतले. त्यांच्या शीर्षकापाशीच मी थबकायची. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध' आणि पुढे एका माणसाचं नाव. आपल्याकडेही 'भारत सरकार विरुद्ध' असतंच, मी स्वतः शेकडो वेळा टाइप करून घेतलंय. तरी तिथे निदान 'सरकार' हा शब्द असतो. इथे एका पारड्यात अख्खा देश आणि दुसऱ्यात एक आडनाव. अशाच एका खटल्याच्या लेखी युक्तिवादावर वकिलांच्या नावांमध्ये मला दिसलं : एस. जी. पंडित. शोधलं तर पूर्ण नाव निघालं सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा. पण सखाराम गणेश! शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात हे नाव वाचून मला बाररूममध्ये ओळखीचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

खटला होता भगतसिंग थिंद यांचा.

थिंद अमृतसरजवळचे. १९१३ च्या जुलैत सिएटलला उतरले, ऑरेगनमध्ये लाकडाच्या गिरण्यांत राबले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाले. पगडी बांधून, अमेरिकन गणवेशात उभे असलेले त्यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळतं. ९ डिसेंबर १९१८ रोजी, अंगावर गणवेश असतानाच, वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिलं. चार दिवसांत ते काढून घेतलं. का? तर १७९० पासूनचा कायदा सांगत होता की नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला' मिळेल. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. उरलेलं जग मधल्या मध्ये लटकत राहिलं.

थिंद यांनी ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज केला. फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारने विरोध केला, ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीतल्या लोकांशी त्यांची ऊठबस आहे हेही काढलं. न्यायाधीश वुल्व्हरटन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नोव्हेंबर १९२० मध्ये थिंद यांना दुसऱ्यांदा नागरिक केलं. सरकार अपिलात गेलं. अपील न्यायालयाने स्वतः उत्तर न देता प्रश्न वर पाठवला : अमृतसर, पंजाब इथे जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू हा कायद्याच्या अर्थाने गोरा आहे का?

थिंद शीख होते. तिकडे त्या काळात हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च. पण मला टोचला तो त्याच्या आधीचा शब्द. उच्चवर्णीय.

इथे थोडं मागे जायला हवं. थिंद यांच्या आधीही आपली माणसं त्या दाराशी उभी राहिली होती. १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भिकाजी बलसारा नावाच्या, मुंबईहून आलेल्या पारशी गृहस्थांचा अर्ज आला. पारशांना आत घेतलं तर मागून अफगाण, हिंदू, अरब येतील अशी काळजी तिथल्या न्यायाधीशांनी बोलून दाखवली, तरी अर्ज मंजूर केला. सरकारने अपील केलं आणि १९१० मध्ये वरच्या न्यायालयाने बलसारांच्या बाजूने निकाल दिला. त्यातलं एक कारण असं होतं की पारशी हे हिंदूंपासून तितकेच वेगळे आहेत जितके हिंदुस्थानातले इंग्रज. म्हणजे दार उघडलं, ते मागे उभ्या असलेल्यांकडे बोट दाखवून.

थिंद यांच्या आधी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा खटला त्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला होता. ओझावा वीस वर्षं अमेरिकेत. तिथेच शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे, मुलांना चर्चमध्ये पाठवणारे. त्यांचं म्हणणं होतं की माणूस मनाने आणि वागण्याने अमेरिकन आहे की नाही ते बघा. न्यायालय म्हणालं, त्यांच्या चारित्र्याबद्दल प्रश्नच नाही, पण 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. निकालपत्र न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांचं.

मग थिंद यांच्या वकिलांनी काय करावं? कोणताही वकील करील तेच त्यांनी केलं. तुम्हीच म्हणालात ना, गोरा म्हणजे कॉकेशियन? त्या वेळच्या वंशशास्त्राची पुस्तकं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणतात. मग आम्ही गोरे.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला. एकमताने. लिहिणारे पुन्हा सदरलँडच. आता ते म्हणाले की कायद्यातले शब्द शास्त्रज्ञांचे नाहीत, साध्या माणसाच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि तपकिरी हिंदू यांचा पूर्वज प्राचीन काळाच्या अंधारात एक असेलही, पण आज त्यांच्यात किती अंतर आहे हे साध्या माणसाला नीट ठाऊक असतं. ओझावांना शास्त्राची पट्टी लावली, थिंद यांना बाजारातली. तीन महिन्यांत मोजमाप बदललं आणि दोन्ही वेळा माणूस बाहेरच राहिला. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर युटामध्ये आलेले. आपण कोण हे सिद्ध करायला त्यांना कुणी पुस्तकं धुंडाळायला लावलं नसेल.

हे निकालपत्र वाचून राग येणं सोपं आहे, आणि मला आलाही. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्या कागदामुळे. थिंद यांच्या बाजूच्या लेखी युक्तिवादात एक मुद्दा असा आहे : उच्चवर्णीय हिंदू हा लग्नसंबंधांच्या बाबतीत हिंदुस्थानातल्या मूळ रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे, महाराज, आम्हीही तुमच्यासारखेच. आमच्याकडेही खाली दाबून ठेवलेली माणसं आहेत, आणि त्यांना आम्ही घरात घेत नाही.

ज्या कागदावर हे लिहिलंय त्यावर सखाराम गणेश पंडितांचं नाव आहे. हाच तो बाररूममधला ओळखीचा आवाज.

वकील म्हणून मी त्यांची बाजू समजू शकते. कायद्यानेच गोरेपण मागितलं होतं. 'तुमचा कायदाच अन्यायाचा आहे' असं म्हणून त्या काळी त्या कोर्टात काही मिळणार नव्हतं. पक्षकारासाठी जे शस्त्र हाताशी येईल ते उचलायचं, हे मीही केलंय. पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर वाटलं की कायद्याने गोरेपण मागितलं होतं, तुच्छता मागितली नव्हती. ती आपण घरून नेली होती.

मी सातारची. आमच्या गावातल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्या शाळेचं आजचं नाव प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच शाळेत त्या मुलाला इतरांपासून वेगळं बसावं लागलं, हेही आम्हा सातारकरांना लहानपणापासून माहीत असतं. निदान माहीत असायला हवं. हा मुलगा मोठा होऊन बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचला, तो १९१३ च्या जुलैतच. थिंद पश्चिम किनाऱ्यावर उतरले त्याच महिन्यात आंबेडकर पूर्व किनाऱ्यावर. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला : जात कशी तयार होते, कशी टिकते, जातीबाहेरच्या लग्नाला बंदी घालून ती स्वतःला कशी बंद करून घेते. त्यानंतर सात वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात आपल्याच एका वकिलाने ती लग्नबंदी पात्रतेचा पुरावा म्हणून पुढे केली.

हे दोन कागद मी लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. ती कामावरून आली, वाचलं, बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, इथे नवीन मराठी माणूस भेटला की दुसऱ्याच वाक्यात आडनाव विचारतो. तेही अजून चालूच आहे गं." सिएटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली तो दिवस होता २१ फेब्रुवारी २०२३. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. थिंद ज्या बंदरात उतरले तेच शहर, आणि त्यांच्या निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस झालेले.

निकालाचा मार फक्त थिंद यांच्यावर बसला नाही. १९०६ च्या नागरिकत्व कायद्यात कलम १५ होतं : फसवणुकीने किंवा 'बेकायदा' मिळवलेलं नागरिकत्व रद्द करायला फेडरल सरकार दावा लावू शकतं. सरकारने आता असा अर्थ काढला की हिंदी माणूस गोरा नाही म्हणजे तो कधीच गोरा नव्हता, म्हणून आधी दिलेली सगळी प्रमाणपत्रं बेकायदा. आपल्याकडच्या भाषेत, वाटप नजरचुकीने झालेलं. पन्नासहून अधिक जणांचं नागरिकत्व असं गेलं. १९१३ मध्ये स्पोकेनच्या न्यायालयातून नागरिकत्व मिळवणारे अक्षयकुमार मझुमदार, त्यांचंही गेलं, आणि १९२४ मध्ये अपील न्यायालयानेही ते परत दिलं नाही.

वैष्णोदास बगाई पेशावरचे. १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत आले, दुकान थाटलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. ब्रिटिश प्रजा म्हणून असलेली ओळख त्यांनी सोडून दिली होती. थिंद निकालानंतर त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याने नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाचे मालमत्तेचे हक्क आखडलेले, त्यामुळे दुकानही गेलं. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असा सल्ला मिळाला. तो त्यांना मान्य नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी सॅन होजेमध्ये खोली भाड्याने घेतली आणि गॅस सोडून जीव दिला. मागे ठेवलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय अर्थ आहे, असं त्यात विचारलं होतं. इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळलेले.

मागचे पूल जळलेले. शपथविधीच्या दिवशी माझ्या पोटात पडलेला खड्डा हाच होता, फक्त मला तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता पंडितांकडे परत येते. सरकारने त्यांच्याविरुद्धही दावा लावला : 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध पंडित'. थिंद यांचा वकील आता स्वतः प्रतिवादी.

पंडितांना १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने नागरिकत्व दिलं होतं. तेव्हा हे काम न्यायालयंच करत. अर्ज, साक्षीदार, सुनावणी, हुकूम. त्या भरवशावर त्यांनी पुढचं आयुष्य बांधलं. कॅलिफोर्नियात तेव्हा परकीयाला वकिलीची सनद मिळत नसे. नागरिक झाले म्हणून त्यांना मिळाली. घर घेतलं. अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रीशी लग्न केलं, आणि त्या काळचे कायदे असे की नवऱ्याचं नागरिकत्व गेलं तर तिच्याही नागरिकत्वावर गदा येणार. म्हणजे एका निकालाने सनद, घर, बायकोचा देश, सगळंच एकदम जाणार होतं.

त्यांचा बचाव वाचताना मी खुर्चीत सरळ बसले. या वेळी ते 'मी गोरा आहे' या एका मुद्द्यावर उभे राहिले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा : मी गोरा आहे की नाही हाच प्रश्न १९१४ मध्ये सक्षम न्यायालयापुढे होता. सरकारला हजर राहून विरोध करायची संधी होती. न्यायालयाने उत्तर दिलं. तुम्ही अपील केलं नाही. तुमच्या हो म्हणण्यावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. आता तोच प्रश्न पुन्हा काढता येणार नाही.

कोर्टात आम्ही याला रेस ज्युडिकाटा म्हणतो, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. मराठीत प्राङ्न्याय. हा शब्द इंग्रजीसाठी नव्याने बनवलेला नाही. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत : मिथ्या, म्हणजे वादी सांगतो ते खोटं, संप्रतिपत्ती, म्हणजे कबूल, प्रत्यवस्कंदन, म्हणजे खरं आहे पण त्याला कारण आहे, आणि प्राङ्न्याय, म्हणजे याचा न्याय आधीच झालाय. पहिल्या तिन्ही उत्तरांत माणसाला मूळ आरोपाला भिडावं लागतं. चौथ्यात तो फक्त जुना कागद पुढे करतो. मी कसा आहे, कुणाहून वरचा, कुणासारखा, हे काही विचारू नका. तुम्ही काय ठरवलं होतं ते वाचा.

आणि त्याच्या जोडीला विबंध, ज्याला आम्ही एस्टॉपेल म्हणतो. तुमच्या शब्दावर विसंबून मी पाऊल टाकलं, आता तुम्हाला तो शब्द फिरवता येणार नाही. पुनर्वसनाच्या दाव्यात मी हाच मुद्दा मांडला होता. पहिल्या कोर्टाने तो उडवून लावला, कारण सरकारविरुद्ध विबंध सहसा चालत नाही; कुणा कारकुनाच्या चुकीने सरकारचे हात कायमचे बांधले जाऊ नयेत, हा विचार त्यामागे आहे आणि तो अगदी खोटा नाही. सार्वजनिक जमीन, सार्वजनिक पैसा चुकून गेला तर परत घ्यायला हवा, हे मलाही पटतं. पण एकोणीस वर्षांनी? विहीर पाडल्यावर? चुकीची किंमत कुणीतरी द्यायचीच असेल, तर ती नेहमी कमी ताकदीच्या माणसानेच का द्यावी?

पंडित खालच्या न्यायालयात जिंकले. सरकार अपिलात गेलं आणि १९२६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानेही पंडितांच्या बाजूने कौल दिला. याच न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी मझुमदारांना परत पाठवलं होतं. या वेळी म्हणाले, प्रश्न एकदा सुटला, तो सुटला. सरकारने सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. १९२७ मध्ये त्यांनी प्रकरण ऐकायलाच नकार दिला. ऐकायला नकार म्हणजे निकालाला संमती नव्हे, हे प्रत्येक वकिलाला माहीत असतं. पण त्यानंतर सरकारने हिंदी लोकांविरुद्धचे उरलेले दावे सोडून दिले.

मला हा विजय फार मोठा वाटतो. काहीजण म्हणतात की तो तांत्रिक होता, वंशभेदाच्या कायद्याला त्याने हातही लावला नाही. ते खरं आहे. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ उजाडलं, आणि वंशाची अट कायद्यातून पूर्ण जायला १९५२. पण 'तांत्रिक' हा शब्द ज्यांना कधी सरकारचं पत्र आलं नाही त्यांचा आहे. ज्याच्या हातात पत्र असतं त्याला तंत्रच वाचवतं : मुदत, नोटीस, अपील केलं की नाही, सही कुणाची. माझे पक्षकार कुठल्या मोठ्या तत्त्वावर जिंकले नव्हते. वाटपाच्या मूळ फायलीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पात्रता तपासून सही केल्याची नोंद मला सापडली, त्यावर जिंकले.

आणि पंडितांच्या या दुसऱ्या युक्तिवादात कुणाला खाली ढकलावं लागलं नाही. तोच माणूस, तेच कायदेपुस्तक, मध्ये तीन-चार वर्षं. पहिल्या कागदात त्यांनी मूळ रहिवाशांच्या खांद्यावर पाय दिला आणि थिंद हरले. दुसऱ्यात स्वतःच्या पायांवर उभे राहिले. ते का बदलले हे कागद सांगत नाही. माझ्यापुरतं मी असं मानते की प्रतिवादीच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला वेगळं दिसतं.

थिंद यांना तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं १९३६ मध्ये. आदल्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पहिल्या महायुद्धात लढलेल्यांसाठी कायदा केला होता, त्याखाली. गोरे म्हणून नाही, उच्चवर्णीय म्हणून नाही. सैन्यात होते म्हणून. १९१८ मध्येही ते सैन्यातच होते.

पुढचे निकाल लेकीने माझ्याकडून समजून घेतले, तिला धीर हवा होता. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नागरिकत्व काढून घ्यायचं तर पुरावा स्पष्ट, निःसंदिग्ध आणि पटणारा हवा. मे १९६७ मध्ये अफ्रोयिम खटल्यात सांगितलं की माणसाने स्वतःहून सोडल्याशिवाय काँग्रेस त्याचं नागरिकत्व हिरावून घेऊ शकत नाही. पाच विरुद्ध चार. एका मताने. थिंद त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. फसवणुकीचं कलम मात्र आजही कायद्यात आहे आणि ते कुणावर, किती जोरात वापरायचं हे अजूनही फेडरल सरकारच ठरवतं. मी लेकीला निकाल जसा आहे तसा सांगितला. आई म्हणून थोडा गोड करून सांगावा असं वाटलं होतं, पण तिने शपथ घेतली होती, तिला नीट कळायला हवं.

परतायच्या आदल्या आठवड्यात आम्ही बर्कलीला गेलो. कला बगाईंच्या नावाचा एक रस्ता बघायला. वैष्णोदास आणि कला यांनी बर्कलीत घर घेतलं होतं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून त्यांना आत जाऊच दिलं नाही. मुलांना काही होईल या भीतीने ते तसेच परत फिरले. नवरा गेल्यावर कलाबाई मुलांसह अमेरिकेतच राहिल्या, इंग्रजी शिकल्या, १९४६ च्या कायद्यानंतर नागरिक झाल्या आणि १९८३ पर्यंत जगल्या. आता त्याच गावाच्या मध्यवस्तीत, शॅटक अव्हेन्यूला लागून, एका छोट्या रस्त्याला त्यांचं नाव आहे : कला बगाई वे.

पाटी नेहमीसारखीच होती, खांबावर उंच. खाली कॉफीचं दुकान, विद्यार्थी घाईघाईने जात होते. लेकीने फोटो काढला. आम्हाला त्या दिवशी ओसीआय कार्डाच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या, कामालाही जायचं होतं, म्हणून तिने नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र फायलीत घालून आणलं होतं. कॉफी प्यायला आत जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, फाइल गाडीत ठेवून येते."

मी म्हटलं, "नको. हातातच ठेव."